पाच तास चिकन आणि आईची घालमेल: स्लो कुकरमधला पास्ता

आमच्याकडे संध्याकाळी चार ते सहा म्हणजे नुसता गोंधळ असतो. पोरीचा स्विमिंग क्लास, बायको हॉस्पिटलच्या लॅबमधून सहाला येणार, माझे कॉल साडेतीनला संपतात पण ते कॅलेंडरवर, आणि त्यात शिकागोजवळचा जानेवारी, पाच वाजायच्या आत बाहेर काळोख, पार्किंग लॉटमध्ये बर्फाचे काळे ढिगारे, आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या प्रत्येकाला गरम काहीतरी ताटात पाहिजे. अशा दिवसांसाठी मी स्लो कुकर काढतो आणि त्यात सगळ्यात जास्त डिमांड चिकन पास्त्याला. पोरीला पास्ता आवडतो, बायकोला सॉस आवडतो, आणि भांडी कमी पडतात म्हणून मला आवडतो.

यंदा फरक एवढाच की कोल्हापूरहून आई आलीय. ती पूर्वी आली होती ती उन्हाळ्यात, त्यामुळे हे यंत्र तिने कधी चालताना बघितलं नव्हतं. सकाळी मी ते ओट्यावर ठेवलं, आतलं मातीचं जड भांडं पुसलं, तर म्हणाली कुकर आहे म्हणतोस आणि शिट्टी कुठाय? म्हटलं शिट्टी नाही, यात पाच तास शिजतं. पाच तास! चिकन! अरे बोकड आहे का म्हातारा? तिचं म्हणणं चुकीचं नव्हतंच खरं तर. चिकन प्रेशर कुकरमध्ये दोन शिट्ट्यांत होतं आणि घाई असेल तर मी पण तेच करतो. पण इथे प्रॉब्लेम वेळ वाचवायचा नाहीये, प्रॉब्लेम हा आहे की ज्या वेळेला स्वयंपाक करायला पाहिजे त्या वेळेला मी स्विमिंग पूलच्या बाकावर बसलेलो असतो. स्लो कुकर काम दुपारकडे सरकवून देतो, बास.

आणि वीज किती खातो हा आईचा पुढचा प्रश्न (गॅस नाही म्हटल्यावर लगेच विजेवर आली). लो वर साधारण दोनशे वॅटच्या आसपास, म्हणजे अख्खी दुपार चालला तरी युनिट-दीड युनिट. ओव्हनच्या मानाने कमीच. हे ऐकून ती जरा निवळली.

तर आता कृती सांगतो पण आधीच सांगतो की इंटरनेटवर जे सांगतात ना, सगळं एकदम टाका आणि विसरून जा, चिकन, क्रीम, पास्ता, चीज, सगळं सकाळी भांड्यात आणि संध्याकाळी जेवण तयार, ते मला पटत नाही. होतं तसं, शिजतं, पोट भरतं, पण चिकन फिकट, कांदा कच्चट गोडसर, मसाल्याचा वास वर तरंगणारा, आणि पास्त्याची खळ. कारण या भांड्यात काहीही परतलं जात नाही. आत वाफ आणि पाणी, तापमान चढून चढून पाण्याच्या उकळीच्या जरा खाली थांबतं, त्यामुळे खरपूसपणा येणं शक्यच नाही. आपल्याकडे कोण फोडणीशिवाय आमटी करतं? मग इथेच का करायची. सुरुवातीला पंधरा मिनिटं गॅसजवळ उभं राहायचं आणि शेवटी अर्धा तास लक्ष द्यायचं, मधला वेळ आपला.

आमचा कुकर सहा क्वार्टचा आहे, म्हणजे साडेपाच लिटरच्या वर थोडा. त्याला बोनलेस, स्किनलेस थाइज दोन पाउंड, म्हणजे नऊशे ग्रॅम. ब्रेस्ट नको. इथे लोक ब्रेस्टच्या प्रेमात का असतात देव जाणे, पण ब्रेस्टमध्ये चरबी फार कमी, आणि तास दीड तास जास्त झाला की दोऱ्यासारखं कोरडं होतं, सॉसमध्ये बुडलेलं असलं तरी. मांडीच्या मांसात कोलॅजन असतं, ते हळूहळू विरघळतं आणि सॉसला अंगचा दाटपणा येतो, वर थोडं जास्त शिजलं तरी बिघडत नाही. म्हणजे कॉल लांबला, ट्रॅफिक लागलं, तरी थाइज माफ करतात.

चिकन आदल्या रात्रीच फ्रीझरमधून काढून खाली फ्रिजमध्ये ठेवलं होतं. हे फार महत्त्वाचं आहे बरं का. गोठलेलं चिकन थेट स्लो कुकरमध्ये टाकायचं नाही, कारण हा मुळात हळू तापणारा प्राणी, त्यात बर्फाचा गोळा टाकला की चिकन चार ते साठ डिग्री सेल्सिअसच्या मधे तासन् तास रेंगाळतं, आणि जंतूंना नेमकं तेच तापमान आवडतं.

आता धुण्याचा विषय. आईने पॅकेट फोडलं आणि सरळ सिंककडे निघाली. म्हटलं आई, धुवायचं नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी आंघोळ न करता देवाला बसलोय. न धुता? चिकन? अमेरिकेचं सरकारी खातंच सांगतं की कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर वगैरे जे काही असतं ते धुऊन जात नाही, उलट पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर सिंक, ओटा, शेजारी ठेवलेली कोथिंबीर, सगळीकडे उडतं. मरतं ते उष्णतेनेच. हे सगळं मी सांगितलं, तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुझं सरकार तुझ्याजवळ ठेव, मी हळद-मीठ तरी लावणार. लाव म्हटलं. मग पेपर टॉवेलने तुकडे टिपून कोरडे केले आणि तिने हळद-मीठ चोळलं. टिपून घेतल्याचा फायदा असा की तव्यावर चिकन पाणी न सोडता लगेच रंग धरतं. हळदीमुळे आमचा इटालियन पास्ता जरा पिवळसर होतो, ते चालतं, इटलीहून कोण बघायला येणार नाहीये.

सनड्राइड टोमॅटोची बाटली मिळते, तेलात बुडवलेले असतात ते. ते तेल फेकायचं नाही, त्यातच चिकन परतायचं. टोमॅटोचा, लसणाचा, ओरेगानोचा वास त्या तेलात आधीच मुरलेला असतो. बिडाचा तवा चांगला तापू दिला, दोन चमचे ते तेल, आणि तुकडे पसरून ठेवले, एकमेकांना न चिकटवता, आणि हात आवरला. आई शेजारी उलथनं घेऊन तयारच, हलव की रे, लागेल खाली. लागू दे. तीन-चार मिनिटांनी तुकडा आपोआप सुटतो, खालची बाजू तांबूस-तपकिरी, कडेला किंचित काळपट. दुसरी बाजू दोन मिनिटं. आत कच्चंच राहतं, राहू दे, पुढे पाच तास आहेत त्याला. तुकडे काढून सरळ कुकरच्या भांड्यात.

त्याच तव्यात दोन मोठे कांदे बारीक चिरून, मीठ घालून, गुलाबीच्या पुढे जाईपर्यंत. मग आठ-दहा पाकळ्या लसूण ठेचून, चिरून नाही, ठेचून. मग टोमॅटो पेस्ट दोन मोठे चमचे. ही पेस्ट परतण्यात खरी गंमत आहे, सुरुवातीला भडक लाल आणि आंबूस असते, दोनेक मिनिटांत तिचा रंग विटेसारखा होतो, कडेने तेल सुटायला लागतं आणि वास एकदम बदलतो, कच्चा आंबटपणा जाऊन गोडूस खमंग येतो. तिथे आई पहिल्यांदा म्हणाली, हां, आता वास यायला लागला. मग दोन चमचे इटालियन सीझनिंग, अर्धा चमचा मिरपूड, थोडे चिली फ्लेक्स. सुकी पानं तेलात जेमतेम अर्धा मिनिट, करपली की कडू होतात.

तव्याच्या तळाला जी खरवड धरलेली असते ना, चिकनची, कांद्याची, सगळी चव तिच्यात असते. दोन कप चिकन ब्रॉथपैकी थोडा तिथे ओतला, चर्र आवाज, आणि लाकडी उलथन्याने खरवडून खरवडून सगळं सोडवलं. ब्रॉथ लो सोडियमवाला घ्यायचा, कारण पुढे पार्मेजान येणार, ते खारट, सनड्राइड टोमॅटो पण खारट, आणि स्लो कुकरमध्ये मीठ जास्त झालं तर निस्तरायला अवघड. हे सगळं चिकनवर ओतलं, उरलेला ब्रॉथ घातला, अर्धी वाटी सनड्राइड टोमॅटो चिरून घातले. बास. एवढंच. पाणी कमी वाटतं बघताना, चिकन पूर्ण बुडत पण नाही. आई म्हणालीच, अरे आटेल ना सगळं. आटत नाही. झाकण घट्ट बसतं, वाफ काचेला लागून परत खाली पडते, उलट चिकन आपलं पाणी सोडतं आणि शेवटी होतं त्यापेक्षा जास्तच रस निघतो. म्हणून गॅसवरची कुठलीही रेसिपी यात करताना पाणी आधीच कमी धरायचं.

बटण लो वर, बारा वाजता. लो आणि हाय मधे काय फरक हे खूप जणांना माहीत नसतं, मला पण वाटायचं की लो म्हणजे कमी तापमान. बहुतेक कुकरमध्ये दोन्ही शेवटी जवळपास त्याच तापमानाला पोचतात, हाय लवकर पोचतो, लो रमतगमत पोचतो. बोनलेस थाइजना लो वर चार ते पाच तास पुरे, हाय वर अडीच-तीन. आणि तिसरं बटण असतं वॉर्म, ते फक्त शिजलेलं गरम ठेवायला, त्यावर शिजवायचं नाही कधीच.

मी कामाला बसलो. माझं टेबल किचनला लागूनच आहे, तर कॉलवर एक कान तिकडे आणि डोळा इकडे. दहा मिनिटांनी आई उठली, झाकणाजवळ गेली, वाकून बघितलं, काच वाफेने धूसर, काही दिसेना, तर हात झाकणाच्या मुठीकडे. मी म्यूट करून ओरडलो, आई नको! झाकण उघडलं की आतली साठलेली उष्णता एका झटक्यात जाते आणि हा बिचारा इतका हळू तापतो की ती परत भरायला वीस मिनिटं सहज लागतात. तीन-चार वेळा डोकावलं की जेवण तासभर पुढे गेलं. हे तिला सांगितलं तर म्हणाली, मग कळणार कसं शिजतंय का नाही? काय उत्तर देणार यावर. जन्मभर झाकण काढून, वास घेऊन, चमच्यावर घेऊन फुंकर मारून बघितलेल्या बाईला सांगायचं की पाच तास नुसती बस.

शेवटी मी तिला तिच्याच भाषेत सांगितलं, की हा चुलीचा वैल आहे असं समज. गावाकडच्या चुलीला मुख्य तोंडाशेजारी वैल असायचा, त्यावर जाळ थेट नाही, नुसती धग, आणि आज्जी त्यावर आमटीचं नाहीतर दुधाचं भांडं ठेवून शेतावर जायची. आई लगेच म्हणाली, हां मग वैलावरचं कोण हलवतंय? आणि जाऊन टीव्हीसमोर बसली. मी दीड वर्षं ज्या मित्राला स्लो कुकर समजावतोय त्याला अजून कळलेलं नाही.

जेवताना (दुपारचं, पिठलं-भाकरी) तिने विचारलं, कोणी काढलं रे हे? ही गोष्ट मला आवडते म्हणून सांगतो. हे काढलं शिकागोतल्याच एका माणसाने, आयर्व्हिंग नॅक्सन त्याचं नाव. त्याची आई लिथुआनियातल्या विल्नियसजवळच्या ज्यू वस्तीतली, तिने त्याला लहानपणी सांगितलेलं की शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत घराघरातून चोलंटची भांडी, म्हणजे घेवडा-बटाटा-मांसाचं कालवण, बेकरीवाल्याच्या भट्टीत नेऊन ठेवायचे, भट्टी विझत जायची आणि तेवढ्या उरलेल्या धगीवर ते रात्रभर शिजायचं, कारण शब्बाथला, म्हणजे त्यांच्या दर आठवड्याच्या विश्रांतीच्या धार्मिक दिवशी, चूल पेटवायची नाही. त्यावरून त्याने विजेचं भांडं केलं, १९४० मध्ये पेटंट मिळालं. पुढे १९७० मध्ये रायव्हल नावाच्या कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये क्रॉक-पॉट म्हणून बाजारात आणलं, बायका नोकरीला बाहेर पडायला लागल्या होत्या, तुफान खपलं. आईला त्यातलं कंपनीचं काही पडलेलं नव्हतं. ती म्हणाली, म्हणजे त्यांच्यात पण शिळासप्तमी आहे की, चूल पेटवायची नाही. दर आठवड्याला? बरं आहे बायकांना.

यावरून विषय राजम्यावर गेला. तिचं डोकं आता चालायला लागलं होतं, म्हणाली मग यात राजमा टाकत जा की रात्री, सकाळी तयार. हे मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. कच्चा राजमा, भिजवलेला असला तरी, थेट स्लो कुकरमध्ये टाकायचा नाही. लाल राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं, ते खळखळून उकळल्यावरच मरतं, आणि स्लो कुकर कधी कधी खळखळून उकळी येण्याइतका तापतच नाही. उलट्या, पोटात मुरडा, सगळं होतं. रात्रभर भिजवा, पाणी फेका, ताज्या पाण्यात गॅसवर किमान दहा मिनिटं, खरं तर अर्धा तास, खळखळ उकळवा आणि मग हवं तर कुकरमध्ये ढकला. नाहीतर डब्यातला शिजवलेला घ्या. आपल्या प्रेशर कुकरला हा प्रश्नच येत नाही, म्हणून आपल्याकडे कोणाला माहीत नसतं.

साडेतीनपासून घरात वास सुटला. स्लो कुकरचा वास वेगळा असतो, फोडणीसारखा अंगावर येत नाही, हळूहळू पडद्यात, स्वेटरमध्ये, जिन्यात जाऊन बसतो. पावणेचारला पोरीला घेऊन निघालो, जाताना आईला परत एकदा झाकणाची शपथ घातली. बाहेर हवा अशी की नाकातले केस कडक होतात. पूलवर क्लोरीनचा दमट उकाडा, पाऊण तास ओरडाआरडा, ओले केस वाळवा, टोपी शोधा (एक मोजा कायमचा गेला), परत गाडी.

पाचला घरी आलो तर झाकण उघडलेलं नव्हतं, पण शेजारी स्टूल होतं. त्यावर काही बोललो नाही.

झाकण काढलं तेव्हा चष्म्यावर वाफ. रस कडेने बारीक बुडबुडत होता, वर नारिंगी तेलाचे थेंब. थर्मामीटर घातला, चिकन आतून एकशे पासष्ट फॅरनहाइट, म्हणजे चौऱ्याहत्तर सेल्सिअस झालं की खायला सुरक्षित, पण थाइज तिथे अजून चिवट असतात, त्या पुढे नव्वदपर्यंत गेल्या की मऊ पडतात. आमचं तिथेच होतं. तुकडे ताटलीत काढले आणि दोन काटे घेऊन सोडवायला लागलो. काटा टेकवला की मांस रेषेरेषेने उलगडतं, जोर लागतच नाही. फार बारीक करू नये, तोंडात आल्याचं कळलं पाहिजे. आईने एक तुकडा उचलून तोंडात टाकला, चावला, आणि म्हणाली मऊ झालंय. नुसतं एवढंच. कोल्हापुरात याला कौतुक म्हणतात.

आता पास्ता. दोन पंथ आहेत. एक म्हणजे वेगळा उकळून शेवटी मिसळायचा, दुसरा त्याच भांड्यात कच्चा टाकायचा. पाहुणे असतील, पोटलक असेल, तर मी वेगळा उकळतो, कारण बसून राहिला तरी आकार धरतो. पण घरच्या घरी त्याच भांड्यात, कारण पास्त्याची स्टार्च रसातच उतरते आणि सॉस आपोआप दाटतो, वेगळा मैदा, कॉर्नफ्लोअर काही लागत नाही, आणि एक पातेलं, एक चाळणी वाचते. रोटिनी किंवा पेने घ्यायचा, स्पॅगेटी नको, ती गोळा होऊन बसते. पाकीट एक पाउंडाचं असतं, त्यातला पाऊण भाग, म्हणजे तीनशे चाळीस ग्रॅम. आणि साहित्यात ड्युरम गहू लिहिलेलं बघून घ्या. आपल्याकडचा बन्सी गहू त्याच जातीचा, म्हणून बन्सीच्या शेवया पण शिजून लगदा होत नाहीत. मऊ गव्हाचा स्वस्त पास्ता या पद्धतीत हमखास विरघळतो.

कुकर हाय वर केला, चिकन परत आत, पास्ता टाकला, आणि दीड-दोन कप ब्रॉथ मायक्रोवेव्हमध्ये कडकडीत गरम करून वरून ओतला. गरमच पाहिजे, थंड ओतला की सगळं बसतं आणि पास्ता शिजण्याऐवजी भिजत राहतो. चमच्याने दाबून दाबून पास्ता रसाखाली गेला पाहिजे, वर डोकं काढलेले तुकडे कच्चेच राहतात. झाकण. पंधरा मिनिटांनी एकदा ढवळायचं, आणि कडेकडेने, कारण बहुतेक स्लो कुकरची कॉइल भांड्याच्या भोवती असते, तळाला नाही, त्यामुळे चिकटतं ते कडेला. इथे मात्र आईला म्हटलं, आता उघड झाकण, तूच बघ. एवढं आनंदाने उठलेलं माणूस मी बघितलं नाही. वीस मिनिटांनी एक तुकडा दाताखाली धरून बघितला, मधे बारीक पांढरा ठिपका होता, म्हणजे अजून चार-पाच मिनिटं. पूर्ण मऊ होईपर्यंत थांबायचं नाही, बंद केल्यावरही तो शिजतच राहतो, मातीचं भांडं लवकर थंड होत नाही.

दुधातुपाचं सगळं अगदी शेवटी. क्रीम चीज चार औंस, म्हणजे एकशे तेरा ग्रॅम, अर्धं पाकीट. ते तासभर आधीच फ्रिजबाहेर काढून ठेवलं होतं, बारीक तुकडे करून वरून टाकलं. आईने लगेच विचारलं, हे सकाळीच का नाही घातलं? म्हटलं फुटलं असतं, टोमॅटोचा आंबटपणा आणि पाच तासाची धग, दूध-क्रीम सगळं कणी कणी होतं. तर म्हणाली, हां, पांढऱ्या रश्श्याचं नारळाचं दूध पण शेवटीच घालायचं, आणि घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही. मी म्हटलं, हो आई, तेच. मग मात्र चमचा तिनेच हातात घेतला आणि एकाच दिशेने, सावकाश, चीज विरघळेपर्यंत ढवळत राहिली, मी काही न सांगता. पाऊण वाटी पार्मेजान किसून (आयतं पावडरचं नको, ते नीट वितळत नाही), दोन मुठी पालक, पालक आतल्या उष्णतेनेच मिनिटात बसतो, आणि अर्ध्या लिंबाचा रस. लिंबू विसरू नका. इतक्या वेळ शिजलेल्या कुठल्याही पदार्थाला एक सुस्ती येते, लिंबाने तो जागा होतो.

पातळ वाटला तर घाबरू नका, झाकण काढून पाच मिनिटं ठेवा, पास्ता पीत राहतो. घट्ट झाला तर गरम ब्रॉथ.

सहा वाजून दहा मिनिटांनी बायको आली, बूट काढता काढता म्हणाली, वास जिन्यापर्यंत येतोय. पानं घेतली. पोरीचा पहिला बाऊल बाकीच्यांच्या ताटात पडायच्या आत अर्धा संपला. बायकोने गार्लिक ब्रेड टोस्टरमध्ये टाकला. आईने एक घास खाल्ला, थांबली, आणि म्हणाली, चांगलंय पण चटणी नाही यात. आजाऱ्याला केल्यासारखं लागतंय. बायको हसायला लागली, म्हणाली आई, मी पण हेच म्हणते दर वेळी, तुम्ही आणलीय ना ती काढा की. कांदा-लसूण चटणी आईने बॅगेत दोन किलो आणलीय, तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून. मग मी फोडणीच्या कढल्यात चमचाभर तेल तापवलं, गॅस बंद केला, आणि त्यात एक चमचा चटणी, फेस आला, तेल लाल झालं, आणि पोरीचं सोडून सगळ्यांच्या पास्त्यावर थोडं थोडं ओतलं. पांढरट सॉसवर लाल कट. कोणा इटालियन माणसाला दाखवू नका, पण क्रीम चीजच्या जड चवीला त्या तिखटाने जी धार येते ती चिली फ्लेक्सने येत नाही. चटणी सुरुवातीला कांद्याबरोबर घातली तर चालेल का, चालेल, पण मग पोर खाणार नाही, आणि पाच तासात तिचा लसणाचा झणका मरतो. वरूनच बरी.

उरलेलं किती राहतं हे माणसांवर आहे, आमच्याकडे दोन डबे राहिले. कुकरच्या भांड्यातच ठेवून अख्खं भांडं फ्रिजमध्ये ढकलू नका, ते मधून थंड व्हायला फार वेळ घेतं, शिवाय गरम मातीचं भांडं एकदम गार झालं तर तडकतं. उथळ डब्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस टिकतं. आणि दुसऱ्या दिवशी ते घट्ट गोळा झालेलं असेल, सगळा सॉस पास्त्याने पिऊन टाकलेला, तर त्यात दोन चमचे दूध घालून गॅसवर नाहीतर मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचं. स्लो कुकरमध्ये परत गरम करायचं नाही, तो गरम व्हायलाच दुपार घेईल. पोरीच्या शाळेच्या डब्यासाठी थर्मॉसमध्ये आधी पाच मिनिटं उकळतं पाणी भरून ठेवतो, ते फेकून मग पास्ता, म्हणजे साडेअकराला गरम राहतो.

आईने आता पुढचा बेत ठरवलाय. हा वैल मोकळा कशाला ठेवायचा म्हणते, मटणाची आळणी लावू रात्री, सकाळी त्यावर पांढरा-तांबडा दोन्ही करू. मटण आधी परतून घ्यायचं आणि पाणी कमी घालायचं हे तिने मलाच सांगितलं. शिकागोत डेव्हॉन अव्हेन्यूला, देशी दुकानांच्या रस्त्यावर, बोकडाचं मटण हाडासकट मिळतं, शनिवारी जाऊन आणतो.